समुद्रातल्या माशांचे वाटे: मासेमारीचा विकता येणारा कोटा म्हणजे नेमकं काय?

२०२५ च्या जुलैमध्ये आइसलँडच्या संसदेत एका विधेयकावरची चर्चा संपता संपेना. विरोधक दिवसरात्र बोलत राहिले आणि तिथल्या संसदेच्या इतिहासातली ती सर्वांत लांब चर्चा ठरली. अखेर सभापतींनी कित्येक दशकांत न वापरलेला एक नियम काढून ती थांबवली आणि मतदान घेतलं. मासेमारी कंपन्यांनी मासे धरण्याच्या हक्कापोटी सरकारला किती शुल्क द्यायचं, यावर हा सगळा वाद होता. कंपनी आपल्याच कारखान्याला ज्या भावाने मासे देते तो भाव हिशेबात धरायचा, की बाजारातला खरा भाव? विधेयकाने बाजारभावाच्या बाजूने कौल दिला आणि शुल्क बरंच वाढलं.

चार लाखांहून कमी लोकवस्तीच्या देशात माशांवरून एवढं रण का माजावं, हे कळायला आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. आइसलँडमध्ये समुद्रातले मासे धरण्याचा हक्क वाट्यांमध्ये विभागलेला आहे. हे वाटे बोटींच्या नावावर असतात. ते विकता येतात, भाड्याने देता येतात. न्यूझीलंडमध्ये आणि अलास्काच्या काही मासेमारीतही अशीच पद्धत आहे. कुणी म्हणतं, यानेच मासे वाचले. कुणी म्हणतं, यानेच किनाऱ्यावरची गावं ओस पडली. माझ्या मते दोन्ही बाजू दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली मिसळतात, म्हणून त्या सुट्या करून बघू.

मर्यादा घातली, तरी शर्यत का लागते?

पाण्यातला मासा जाळ्यात येईपर्यंत कुणाचाच नसतो. आज मी तो सोडला, तर पुढच्या वर्षी तो मोठा होऊन माझ्याच जाळ्यात येईल याची खात्री नाही. उद्या सकाळी शेजारची बोट तो नेईल हे मात्र नक्की. त्यामुळे मासे कमी होतायत हे दिसत असूनही जो तो मोठं इंजिन बसवतो, जाळं लांबवतो, जाळ्याची आस म्हणजे भोकं बारीक करतो. यात कुणी हावरट असायची गरज नाही. कर्जाचा हप्ता आणि डिझेलचं बिल डोक्यावर असलेला साधा माणूसही हेच करेल.

यावर सरकारांनी आधी सरळ उपाय केला: यंदा एकूण इतकेच मासे धरायचे, तेवढे झाले की हंगाम बंद. मासे मोजायला हे बरं वाटतं, पण शर्यत यामुळे थांबायच्या ऐवजी जास्तच पेटते. एकूण साठा संपण्याआधी आपला हात मारून घ्यायचा, म्हणून सगळे एकदम तुटून पडतात.

अलास्कातल्या हॅलिबट या माशाच्या बाबतीत हे टोकाला गेलं. हॅलिबट म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा चपटा, दांडगा मासा. लांब दोरीला शेकडो गळ लावून धरतात. बोटी इतक्या वाढल्या की १९९० च्या सुमारास महिनोन् महिन्यांचा हंगाम चोवीस तासांच्या मोजक्या सत्रांवर आला. तारीख आधीच जाहीर झालेली. त्या दिवशी वादळ असो की बर्फाचा मारा, निघावंच लागायचं, कारण परत संधी नाही. खलाशी सलग चोवीस तास जागून गळ ओढायचे. वेळ संपत आली की उरलेल्या दोऱ्या तिथेच कापून टाकायचे, आणि त्या गळांना मासे अडकून तळाशीच मरायचे. बोटी बुडायच्या, माणसं जायची. इतका माल एकाच दिवशी बंदरावर आला की भाव कोसळायचा, बहुतेक मासा गोठवावा लागायचा, आणि वर्षभर लोकांच्या ताटात गोठवलेलाच हॅलिबट. मर्यादा होती, पण माशाचं, माणसाचं आणि पैशाचं, तिन्हींचं नुकसान चाललं होतं.

१९९५ मध्ये तिथे प्रत्येकाचा वाटा आधीच ठरवून दिला. तुझे इतके किलो, तू ते मार्चमध्ये धर की ऑक्टोबरमध्ये, तुझी मर्जी. हंगाम चोवीस तासांवरून जवळजवळ आठ महिन्यांचा झाला. वादळात निघायचं कारणच उरलं नाही. ताजा मासा बाजारात येऊ लागला आणि भाव सुधारला. या पद्धतीची बाजू घेणारे अलास्काचं उदाहरण पुन्हा पुन्हा देतात, आणि ते खरंही आहे.

वाटा किलोत की टक्क्यांत?

आता रचना पाहू. शास्त्रज्ञ साठ्याचा अंदाज घेतात आणि त्यावरून वर्षभरात जास्तीत जास्त किती टन धरायचे हे ठरतं. याला एकूण मर्यादा म्हणू. त्या मर्यादेतला ठरावीक हिस्सा म्हणजे कोटा. समजा कॉड या माशाची एकूण मर्यादा १ लाख टन आहे आणि एका बोटीचा वाटा ०.२ टक्के. तिला २०० टन मिळाले. पुढच्या वर्षी साठा खालावला आणि मर्यादा ८० हजार टनांवर आली, तर तिच्या वाट्याला आपोआप १६० टन येतात. वाटा तोच राहतो, टन बदलतात.

वाटा टक्क्यांतच का, हे न्यूझीलंडने पैसे मोजून शिकलं. १९८६ मध्ये त्यांनी २६ जातींसाठी कोटा सुरू केला तेव्हा तो ठरावीक टनांत दिला होता. म्हणजे मर्यादा कमी करायची, तर सरकारने तेवढे टन लोकांकडून विकत घ्यायचे. काही साठ्यांचा अंदाज आधी फारच फुगलेला निघाला. खोल समुद्रातला ऑरेंज रफी हा त्यातला एक मासा. शंभर वर्षांहून जास्त जगतो, उशिरा प्रजननक्षम होतो, आणि म्हणून एकदा उपसला की लवकर भरून येत नाही. इतकी कपात विकत घेणं तिजोरीला परवडणारं नव्हतं. १९९० मध्ये टनांचे वाटे टक्क्यांत बदलले आणि साठ्यातल्या चढउताराची जोखीम सरकारकडून कोटाधारकांकडे गेली.

पण विकायची मुभा कशासाठी?

वाटा ठरला की शर्यत थांबते, मग तो बाजारात का आणायचा? याला दोन कारणं आहेत.

पहिलं रोजच्या व्यवहारातलं. जाळं माणसाचं ऐकत नाही. कॉड धरायला गेलेल्या बोटीच्या जाळ्यात हॅडॉक हा दुसराच मासा आला आणि तिच्याकडे हॅडॉकचा कोटा नसला, तर ती तो समुद्रात फेकून देईल, आणि फेकलेला मासा बहुधा मेलेलाच असतो. देवघेवीची सोय असली की बंदरावर येता येता फोन करून तेवढा कोटा दुसऱ्याकडून भाड्याने घेता येतो.

दुसरं कारण मोठं आहे. जिथे ही पद्धत आली तिथे बहुतेक ठिकाणी माशांच्या मानाने बोटी जास्त होत्या. पन्नास बोटींनी निघेल तेवढा मासा दोनशे बोटी धरत असल्या, तर दीडशे बोटींचं डिझेल, जाळी आणि कर्ज वाया जातं. सक्तीने बोटी मोडायला लावणं कोणत्याही सरकारला जड जातं. कोटा विकता आला की ज्याला थांबायचं आहे तो पैसे घेऊन थांबतो, आणि ज्याचा खर्च कमी तो धंदा वाढवतो. निवृत्त होणाऱ्या मच्छीमाराच्या हाती भंगारातल्या बोटीपेक्षा जास्त काही येतं.

पण एक गोष्ट ठसवून सांगावीशी वाटते. कोटा विकण्याने समुद्रातला एकही मासा वाचत नाही. मासा वाचतो एकूण मर्यादेने, तीही खरोखर कमी ठेवली आणि खरोखर पाळली तरच. खरेदी-विक्रीने बोटी कमी होतात, खर्च वाचतो आणि नफा वाढतो. ही दोन कामं वेगळी आहेत.

मग मासे वाढले का?

आइसलँडचाच कॉड बघा. याच माशासाठी त्यांनी ब्रिटनशी समुद्रात टक्कर घेतली होती आणि १९७५ मध्ये आपली हद्द २०० सागरी मैलांपर्यंत नेली. परदेशी ट्रॉलर गेले, पण त्यांची जागा आइसलँडच्याच बोटींनी भरून काढली. १९८४ मध्ये बोटीमागे कोटा आला, आणि १९९० च्या कायद्याने १९९१ पासून तो जवळजवळ सगळ्या मासेमारीत कायमचा आणि विकण्याजोगा झाला. एवढ्याने कॉड सावरायला हवा होता ना? तो सावरला नाही, कारण शास्त्रज्ञ सांगत होते त्याहून जास्त मासा वर्षानुवर्षं धरला जात होता. १९९५ मध्ये धरण्याजोग्या साठ्याच्या २५ टक्के असा नियम केला, तोही पुरेसा ठरला नाही.

खरं वळण आलं २००७ मध्ये. सरकारने कॉडची मर्यादा एका झटक्यात १ लाख ९३ हजार टनांवरून १ लाख ३० हजार टनांवर आणली आणि प्रमाण २० टक्क्यांवर उतरवलं. बंदरांवरच्या गावांना हा घाव सोसावा लागला. त्यानंतरच्या वर्षांत मात्र साठा वाढला आणि मर्यादाही चढत गेली. कोट्याची पद्धत २००७ च्या आधीही होती आणि नंतरही होती. बदलला तो आकडा. कोटाधारकांनी एवढी मोठी कपात पचवली यात टक्केवारीच्या वाट्याचा हात आहे हे मान्य करायला हवं, कारण साठा वाढला तर वाढ आपल्यालाच मिळणार हे त्यांना ठाऊक होतं. पण कपातीचा निर्णय बाजाराने घेतलेला नव्हता.

उलट बाजूचं उदाहरण कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचं. तिथल्या मोठ्या कंपन्यांना १९८० च्या दशकात कॉडचे वाटे ठरवून दिलेले होते. पण साठ्याचा अंदाज चुकला, मर्यादा फार वर राहिली आणि १९९२ च्या जुलैमध्ये मासेमारी बंदच करावी लागली. तीस हजारांच्या आसपास माणसांची रोजीरोटी गेली. तो साठा आजही पूर्वीसारखा भरलेला नाही.

२००८ मध्ये जगभरच्या ११ हजारांहून जास्त मत्स्यसाठ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाटे ठरवलेल्या मासेमारीत साठा कोसळण्याचं प्रमाण इतरांच्या साधारण निम्मं आढळलं. आकडा बोलका आहे. पण वाटे ठरवणारे देश बहुधा मासे नीट मोजणारे आणि कायदा पाळून घेणारेही असतात, तेव्हा सगळं श्रेय वाट्यांना देता येत नाही.

पहिला वाटा कुणाला?

इथे मात्र मला राग येतो. बाजार सुरू होण्याआधी कुणीतरी पहिलं वाटप करावं लागतं, आणि ते जवळपास सगळीकडे एकाच मापाने झालं: गेल्या काही वर्षांत ज्याने जितके जास्त मासे धरले, त्याला तितका मोठा वाटा. आइसलँडमध्ये १९८० च्या अखेरीपासूनची तीन वर्षं धरली. ज्यांनी सर्वांत जास्त उपसा केला, त्यांना सर्वांत मोठं बक्षीस, तेही फुकट. शिवाय वाटा मिळाला बोटीच्या मालकाला. त्याच बोटीवर आयुष्य काढलेल्या खलाशाला, किनाऱ्यावर मासे सोलणाऱ्या बाईला काहीच नाही. कायद्याच्या पहिल्याच कलमात मासे हे राष्ट्राची सामाईक मालमत्ता आहेत असं लिहिलेलं आहे, आणि तेच वाटे पुढे कोट्यवधींना विकले गेले. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने दोन मच्छीमारांच्या तक्रारीवर हे वाटप भेदभावाचं असल्याचा निष्कर्ष काढला. २०१२ च्या सल्लादायी सार्वमतात ८० टक्क्यांहून जास्त मतं नैसर्गिक संपत्ती राष्ट्राची असावी या बाजूने पडली. २०२५ ची लांबलेली चर्चा याच न मिटलेल्या भांडणाची पुढची फेरी आहे.

न्यूझीलंडमध्ये अन्याय आणखी उघड होता. कोटा आणण्याआधी अर्धवेळ मच्छीमारांची नावं यादीतून काढली गेली, आणि त्यांत माओरी, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, बरेच होते. ब्रिटिश राजसत्तेशी झालेल्या १८४० च्या वाइतांगी करारात माओरींना त्यांच्या मासेमारीच्या हक्काची हमी होती. १९८७ मध्ये न्यायालयाने पुढचं वाटप थांबवलं, तेव्हा कुठे सरकार वाटाघाटींना बसलं. आधी १० टक्के कोटा, मग १९९२ च्या तडजोडीत सीलॉर्ड ही मोठी कंपनी निम्मी विकत घ्यायला १५ कोटी डॉलर आणि पुढे कोट्यात येणाऱ्या नव्या जातींमध्ये २० टक्के वाटा माओरींना मिळाला. न्यायालयाचा दरवाजा ठोठावला नसता, तर यातलं काहीही मिळालं नसतं.

वाटप वेगळ्या मापाने करता येतं हे आपल्याला बाहेरून शिकायला नको. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणशी दिलं. माणसामागे अर्ध्या एकराला पुरेल इतकं, कुटुंबाला वरची मर्यादा, आणि भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जात नसे. माशांचा पहिला वाटा ठरवताना हेच प्रश्न विचारायचे असतात: बोटीला द्यायचा की माणसाला, राबणाऱ्या खलाशाला काय, आणि विकण्याला कुंपण कुठे घालायचं.

आणि गावाचा कोटा गेला तर?

आइसलँडच्या वायव्येकडच्या फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीत, फ्लातेरी नावाचं छोटं गाव आहे. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये हिमकडा कोसळून तिथली २० माणसं गेली, तरी गाव उभं राहिलं. २००७ मध्ये तिथल्या मोठ्या मासेमारी कंपनीच्या मालकाने बोटी आणि कोटा विकला. व्यवहार पूर्ण कायदेशीर होता. समोरचा समुद्र तोच, मासे तेच, पण ते धरण्याचा हक्क दुसऱ्या बंदराला गेला आणि कारखान्यातली कामं गेली. ज्या लोकांनी काही विकलं नव्हतं, त्यांनीच किंमत मोजली.

समर्थक म्हणतात, बोटी कमी होणारच होत्या, कुठल्या तरी गावाला झळ बसणारच. मला हे अर्धंच पटतं. किती झळ आणि कुणाला, हे नियमांवर ठरतं. आइसलँडने एका कंपनीकडे एकूण कोट्याच्या मूल्यापैकी १२ टक्क्यांहून जास्त असू नये अशी मर्यादा घातली, आणि २००९ पासून उन्हाळ्यात छोट्या बोटींना गळाने मासे धरायला कोट्याबाहेर जागा ठेवली. अलास्कात हॅलिबटचा वाटा नव्याने विकत घेणाऱ्या मच्छीमाराला स्वतः बोटीवर हजर राहावं लागतं. शहरात बसून भाडं खाता येत नाही. डेन्मार्कमधल्या थोरुपस्ट्रँड या किनाऱ्यावरच्या गावाने तर आणखी पुढचं पाऊल उचललं. तिथे कोटा विक्रीला निघाल्यावर मच्छीमार कुटुंबांनी सहकारी संस्था काढली, कर्ज काढून कोटा संस्थेच्या नावावर विकत घेतला आणि तो सभासदांना वापरायला दिला. एखादा सभासद सोडून गेला, तरी कोटा गावातच राहतो.

चोरून धरले तर कळतं कसं?

कोटा म्हणजे शेवटी वजनाचा हिशेब. आइसलँडच्या बंदरावर बोट लागली की मासळीचे टब बंदराच्या प्रमाणित काट्यावर चढतात. वजन करणारा माणूस बोटीचा नसतो, परवानाधारक असतो. बर्फाचं वजन वजा होतं, जात लिहिली जाते आणि आकडा मत्स्य संचालनालयाकडे जातो. बोटीच्या कोट्यातून तेवढे किलो कमी होतात आणि कुठल्या बोटीने काय उतरवलं हे कुणालाही इंटरनेटवर पाहता येतं. पकडलेला मासा समुद्रात फेकायला बंदी आहे. थोडा मासा कोट्याबाहेर आणायची सोय आहे, पण त्याचा बहुतेक पैसा संशोधन निधीत जातो. म्हणजे तो मुद्दाम धरण्यात फायदा नाही आणि फेकण्याचीही गरज नाही. एवढं असूनही २०२१ मध्ये संचालनालयाने ड्रोन उडवले, तेव्हा अनेक बोटींवरून मासे फेकले जाताना दिसले. उत्तम यंत्रणेच्या देशात ही स्थिती आहे, हे पुढच्या भागासाठी लक्षात असू द्या.

कोकणात हे चालेल का?

आपल्याकडचे नियम बहुतेक साधनांवर आणि वेळेवर आहेत: १ जून ते ३१ जुलै बंदी, एलईडी दिव्यांना मनाई, २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर, म्हणजे थव्याभोवती टाकून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्यावर, निर्बंध, २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रासाठी, नियम आणले, त्यात यांत्रिक बोटींना डिजिटल पास आहे आणि सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. पण तो समुद्रात जायचा पास आहे, किलोंचा वाटा नव्हे.

विकता येणारा कोटा इथे जसाच्या तसा आणावा असं मला वाटत नाही. आइसलँडची बोट कॉडसाठी निघते आणि बहुतेक कॉडच आणते. रत्नागिरीच्या ट्रॉलरचं एक जाळं उलटलं की कोळंबी, म्हाकूल, राणे, ढोमी, मांदेली, लेपा आणि फिशमीलला, म्हणजे माशांच्या भुकटीला, जाणारी कोवळी बारीक मासळी एकत्र पडते. प्रत्येक जातीचा वेगळा कोटा ठेवायचा, तर पहिल्या संपलेल्या कोट्यावर सगळी बोट अडेल, नाहीतर उरलेलं समुद्रात फेकलं जाईल. त्यातून बांगडा-तारलीसारखे मासे एका वर्षी उदंड आणि दुसऱ्या वर्षी गायब. त्यांची मर्यादा आधी ठरवणं अवघड. मासळी उतरते शेकडो ठिकाणी, काही थेट वाळूवर, आणि तिथूनच कोळणीच्या पाटीत जाते. तिथे काटा कोण लावणार? आज केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था नमुने घेऊन किनाऱ्यावर किती मासळी उतरली याचा अंदाज बांधते. साठ्याचा कल समजायला ते उपयोगी आहे, पण एका बोटीचा हिशेब त्यातून निघत नाही.

कोटा आला नाही, तरी त्याच्या आधीच्या दोन पायऱ्या आपण आजच चढू शकतो. मिरकरवाडा, ससून डॉक, हर्णे यांसारख्या मोठ्या बंदरांवर यांत्रिक बोटींची बोटवार, जातवार नोंद ठेवावी आणि ती कुणालाही बघता येईल अशी जाहीर करावी. आणि पर्ससीनसारख्या एकाच थव्यावर चालणाऱ्या मासेमारीपासून एकूण मर्यादेचा प्रयोग सुरू करावा, कारण तिथे जाती कमी आणि बोटी मोजता येण्याइतक्या आहेत. पुढेमागे वाटे करायची वेळ आलीच, तर गेल्या काही वर्षांत कुणी जास्त उपसलं हे माप वापरू नये. वाटा मच्छीमार सहकारी संस्थेच्या नावावर असावा, त्यात खलाशाचा आणि मासे विकणाऱ्या बाईचा हिस्सा लिहिलेला असावा, आणि तो संस्थेबाहेर विकायला बंदी असावी.